आक्काच्या सोप्यातलं आठ मासं

हसू नका पावणं. माशांची ती काचंची पेटी मीच केलती, ह्या हातानं. पापाच्या तिकटीजवळ माझं दुकान हाय, बाबालाल फ्रेमवाला म्हणून कुणालाबी इचारा. तीस वर्षं झाली, देवाचं फोटो, लग्नाचं फोटो, मेलेल्या माणसांचं फोटो, सगळ्यांवर काच बसवतोय. पण जितं मासं काचंत बसवायचं काम अठ्ठ्याहत्तर सालात पहिल्यांदा आलं, आणि ते घेऊन आला आमच्याच गल्लीतनं पुण्याला गेलेला शहाणा, बाजीराव.

ह्या बाजीरावाचं आधी सांगतो. बायडाबाईचा एकुलता एक. बायडाबाई म्हंजे आमची आक्का. सारी गल्ली तिला आक्काच म्हणती. नवरा गेल्यावर दोन म्हशींवर तिनं ह्याला शिकवलं. दारात म्हैस उभी करायची आणि गिऱ्हाईकाच्या तांब्यात समोर धार काढून द्यायची, हे तिनं चाळीस वर्षं केलं. त्या दुधावर हा इंजिनियर झाला, पुण्यात फ्लॅट घेतला आणि तिथं जाऊन 'बी. जी.' झाला. बाजीराव म्हणून हाक मारली तर मान वळवायचा न्हाय. आईनं पाळण्यात घातलेलं नाव जड झालं गड्याला, दूध मातर सगळं पचलं.

त्या वर्षी ज्येष्ठात आक्का गोठ्यात घसरून पडली. पायाचं हाड मोडलं. वय बहात्तर. बाजीराव पुण्याहून आला, आणि आक्का प्लास्टरात अंथरुणावर पडली असतानाच त्यानं राहिलेली एक म्हैस विकून टाकली. तिला इचारलंबी न्हाय. म्हैस दावं सोडून चालली तवा आक्का भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी तिथंच होतो. त्या दिवसापासनं ह्या माणसाबद्दल माझ्या तोंडात चांगला शब्द येत न्हाय, आणि मी तो आणायला जातबी न्हाय.

"आता पुण्याला चल," तो म्हणाला. "इथं तू एकटी. पुन्हा पडलीस तर कोण बघणार?"

"मी न्हाय येत," आक्का म्हणाली.

"आई, हट्ट करू नकोस."

"ह्या घरात आलो, ह्या घरातनं जाईन. तुझ्या तिसऱ्या मजल्यावर मला काय करायचंय? खिडकीतनं गाड्या मोजू?"

दोन-अडीच महिनं हे असंच चाललं. पत्रातनं चाललं, शेजारच्या दुकानातल्या फोनवरनं चाललं. शेवटी गणपतीला आला तो डोक्यात नवीनच किडा घेऊन. कुठल्यातरी मासिकात त्यानं वाचलतं की म्हाताऱ्या माणसांनी मासं पाळावं. बघत बसलं की रक्तदाब उतरतो, मन रमतं आणि काम काय न्हाय. म्हशीगत शेण न्हाय, धार न्हाय, वैरण न्हाय. आणि इंजिनियरच तो, त्यात त्यानं परीक्षा घुसडली.

"दिवाळीपर्यंत हे मासे नीट जगवून दाखव," तो आईला म्हणाला. "जगले तर मी समजेन की तुझं तुला निभावतं. मग राहा इथं, मी पुन्हा विषय काढणार नाही. मेले, तर मुकाट्यानं सामान बांधायचं."

आता काय म्हणावं ह्याला! ज्या बाईनं तुला जगवला तिची परीक्षा मूठभर माशांवर? मी बोलायला तोंड उघडलं तर आक्कानंच हात वर केला. "चालतंय," म्हणाली. "आण तुझं मासं." दुसरा रस्ताच न्हवता तिला. घर त्याच्या नावावर होतं. बापामागं तिनंच मोठ्या हौसेनं करून दिलतं.

मग साहेब माझ्या दुकानात आले. कागदावर पेटीचं चित्र काढून आणलतं. तीन फूट लांब, दीड फूट उंच. मी म्हटलं, "एवढी मोठी कशाला? म्हैस धुवायचीय काय हिच्यात?"

"चाचा, पेटी लहान असली की पाणी लवकर खराब होतं. मोठ्या पेटीत काम कमी."

हे मातर खरं निघालं. तेवढ्यापुरती अक्कल होती. मी लोखंडी अँगलचा सांगाडा केला, जाड काचा बसवल्या, पुट्टी भरली, आठ दिवस पाणी भरून ठेवलं, ओतलं, पुन्हा भरलं. पुट्टीचा वास पार गेला तवाच पेटी आक्काच्या सोप्यात नेली. सोपा म्हंजे तिची पुढची खोली, रस्त्यावर दार उघडणारी. तिथं कंबरेएवढ्या उंचीच्या दगडी कट्ट्यावर पेटी ठेवली, आक्काला वाकायला नको म्हणून. तळाला पंचगंगेची वाळू सात पाण्यानं धुवून टाकली, त्यात पाणवनस्पती रोवल्या. वर बिजागरीचं काचंचं झाकण. काम मी झकास केलतं, ते सांगाय मला लाज न्हाय.

मासं त्यानं पुण्याहून आणलं, प्लास्टिकच्या पिशवीत, एस. टी.त मांडीवर घेऊन. आठ. चार तांबडं, चार काळं. बोटाच्या पेराएवढं एकेक. आमच्या मदिनानं, माझ्या बायकोनं, बघितलं आणि म्हणाली, "एवढ्यात तर कालवणाला वासबी लागायचा न्हाय." बाजीरावानं तिच्याकडं असं बघितलं जसं काय हिनं त्याच्या सासऱ्याला शिजवायची गोष्ट काढली.

मग त्यानं आईला समोर बसवून शिकवलं. होमिओपॅथीच्या डॉक्टरकडं असतो तसला बारका चमचा दिला. रोज सकाळी डब्यातलं खाणं एक चमचा, बास. नळाचं पाणी थेट घालायचं न्हाय, त्यात औषध असतंय. बादली भरून रातभर उघडी ठेवायची. आठवड्यातनं एकदा चार तांबं जुनं पाणी काढायचं, चार तांबं नवं घालायचं. सगळं पाणी बदलायचं न्हाय. हे सगळं त्यानं कागदावर लिहिलं, माझ्याकडनं फ्रेम करून घेतलं आणि भिंतीवर टांगलं. शेवटची ओळ तांबड्या शाईनं: 'दुसऱ्या कोणालाही खाणे घालू देऊ नये.'

ती ओळ वाचून मी दुकानात एकटाच हसलो. हा माणूस ह्याच गल्लीत जन्मला की न्हाय, असा संशय आला मला.

आक्काला शिकवायची गरजच न्हवती. चाळीस वर्षं जनावर सांभाळलेली बाई. चमचा म्हंजे चमचा. पहिल्या आठवड्यात तिला कुठल्या माशाला पिलं हुणार, कोण दुसऱ्याला टोचतोय, कोण रुसून कोपऱ्यात बसलाय, सगळं कळायला लागलं. मी सकाळी डोकावलो की सांगायची, "तांबड्यातला तो एक हावरा हाय बघ, बाजीवर गेलाय." माशांस्नी रंगबी चांगला चढलता. बाजीरावाच्या परीक्षेत ती पहिल्या नंबरानं पास झाली असती, काय प्रश्नच न्हवता.

पण गल्ली! काय सांगू पावणं, ह्या गल्लीएवढी आगाऊ गल्ली साऱ्या शुक्रवार पेठेत शोधून सापडायची न्हाय. म्हैस गेली तरी सकाळ-संध्याकाळ माणसं आक्काच्या दारात यायची थांबलीच न्हवती. दूध न्हाय तर न्हाय, बसायचं, पाय कसा हाय इचारायचं, च्या घ्यायचा, मग कामाला जायचं. आता तर मासं आलं. आणि आमच्याकडं मासं म्हटलं की एकच डोक्यात येतं: नरसोबाच्या वाडीचा घाट. वाडीला गेलं, दत्ताचं दर्शन घेतलं की पायरीवर बसून नदीतल्या माशांना चुरमुरं टाकायचं, पुण्य लागतंय. मग वाडीला एस. टी.नं कशाला जा? आक्काच्या सोप्यात हायत की मासं!

सुरुवात केली अंबूबाईनं. समोरच्या घरातली, आक्काच्या वयाची, दिसतं कमी, चालतं तोंड लई. गुरुवारी हातात चुरमुऱ्याचा द्रोण घेऊन आली. झाकण उघडलं, मूठभर टाकलं आणि हात जोडून उभी राहिली. मी ओरडलो, "अंबूबाई, त्येनं मासं मरत्यात!"

"खाऊन कोण मरतंय का रं मुडद्या?" ती म्हणाली. "उपाशी मरत्यात."

बघा आता.

एका गुरुवारात गल्लीभर झालं. कुणी कणकेच्या गोळ्या आणल्या, कुणी साखरफुटाणं. गुंडू, हा बाजीरावाच्या वर्गातला, कोपऱ्यावर च्याचा गाडा हाय त्याचा, तो रोज सकाळी पावाचा तुकडा घेऊन यायचा. रिकाम्या हातानं कुणाच्या दारी जायचं न्हाय, ही गल्लीची रीत. आधी आक्कासाठी आणायची, आता माशांसाठीबी आणायला लागली. आणि मी शिव्या घालत बसायचो. एक दिवस बघतो तर आमची मदिनाच भाकरीचा चुरा घेऊन उभी! "हावरा वर येऊन माझ्या तोंडाकडं बघतोय," म्हणाली, "मग काय करू?" खोटं कशाला बोलू, मीबी एकदा खारीचा तुकडा टाकला. हावरा तसाच होता.

"आक्का, दम देत का न्हाईस ह्यास्नी?" मी इचारलं. "तुझं घर जाईल ह्यांच्या पुण्यात!"

"दारात आलेल्याचा हात कसा धरू बाबालाल?" ती म्हणाली. "माझी म्हैस गेली तवा हीच माणसं येऊन बसलीती. आता मासं आलं म्हणून हाकलू?"

दिवसभर गल्लीनं टाकायचं आणि संध्याकाळी आक्कानं स्टुलावर बसून चहाच्या गाळणीनं फुगलेलं चुरमुरं काढायचं. पण पाणी पांढरं पडायला लागलं ते लागलंच. नवरात्रात पहिला काळा मेला. मग तांबडा. दसरा झाल्यावर दोन एका दिवशी. हावरा शेवटपर्यंत टिकला आणि वसुबारसेच्या आदल्या दिवशी तोबी पोट वर करून तरंगला. आक्कानं त्याला परसात तुळशीच्या बुडाला पुरला. तिथनं उठंना. मी हात देऊन उठवली.

"आता जावं लागतंय की रं," ती म्हणाली. आवाज एवढा बारीक मी तिचा कवा ऐकला न्हवता.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "गप बस. लक्ष्मीपुरीत एकानं माशांचं दुकान काढलंय. चार तांबडं, चार काळं आणतो आत्ताच्या आत्ता. त्या बी. जी.च्या बापाला कळायचं न्हाय." म्हटलं आणि जीभ चावली, बी. जी.चा बाप म्हंजे आक्काचा नवराच की.

आक्का हसली न्हाय. "नगं," म्हणाली. "चाळीस वर्षं दुधात पाणी घातलं न्हाय. आता ह्या वयात घालू व्हय?"

धनत्रयोदशीला बाजीराव आला. एकटाच, बायको-पोरं तिच्या माहेरी गेलती. हातात पुन्हा प्लास्टिकची पिशवी, आणि त्यात सहा नवं मासं. आई पास झाली असं धरून बक्षीस आणलं असंल, न्हायतर नापास झाली तर पुण्याच्या घरात ठेवायला. मी इचारलं न्हाय. सोप्यात आला, पेटी बघितली. नुसतं गढूळ पाणी.

"सगळे?" त्यानं इचारलं.

"सगळं," आक्का म्हणाली.

"मग ठरल्याप्रमाणे." आणि ते म्हणताना त्याच्या तोंडावर आनंद न्हवता हे मला कबूल करावं लागंल. पण सुटल्यागत मातर वाटलं त्याला. सुटल्यागत! मला त्याला दारातनं ढकलावासा वाटला.

"ठरलंय, तर येतो," आक्का म्हणाली. "पण भाऊबीजेपर्यंत तू हितं हायस. हे सहा तू सांभाळ. तुझा कागद हाय, चमचा हाय, तू शिकलेला हायस. भाऊबीजेला जितं असलं तर मी चूक, तुझ्या मागनं गपचूप गाडीत बसतो. मेलं तर पुन्हा पुण्याचं नाव काढायचं न्हाय."

बाजीराव हसला. "पाच दिवस? आई, पाच दिवस ते काही न घालतासुद्धा जगतील."

"मग झालंच की तुझं काम."

गड्यानं शर्टाच्या बाह्या सारल्या. पेटी धुतली, वाळू धुतली, शिळं पाणी भरलं, मासं सोडलं आणि झाकणाला चक्क कुलूप लावलं! आमच्या गल्लीत, भर दिवाळीत, माशांना कुलूप. किल्ली खिशात. खुर्ची टाकून दारात बसला, जसा काय बँकेचा शिपाई.

पहिला दिवस निभावला. लोक आलं, कुलूप बघून खालमानेनं गेलं. दुसऱ्या दिवशी अभ्यंगस्नान करून अंबूबाई आली, ताटात चकली, करंजी, अनारसं. आक्काला दिलं, बाजीरावाला दिलं आणि पेटीपुढं उभी राहिली.

"कुलूप काढ."

"अंबूमावशी, नियम आहे. चालत नाही."

"कुणाचा नियम? तू अठरा दिवसांचा असताना तुझ्या आईला ताप भरलता, तवा तुला चमच्यानं दूध कुणी पाजलं? तवा मला कोण म्हणालं न्हाय, नियम हाय म्हणून." आणि म्हातारी डोळ्याला पदर लावून उभी.

बाजीरावानं किल्ली काढली. "एवढंसंच टाका," म्हणाला. कमी दिसणाऱ्या बाईला एवढंसं किती दिसणार? अख्खा अनारसा चुरून टाकला तिनं.

आणि एकदा कुलूप निघालं ते निघालंच. अंबूबाईला हो म्हटलं, तर गणपतराव मास्तरांना न्हाय कसं म्हणणार? त्यांनी ह्याला गणित शिकवलेलं, स्कॉलरशिपच्या परीक्षेला स्वतःच्या सायकलवर नेलेलं. मास्तर बेसनाचा लाडू घेऊन आलं. "बाजीराव," म्हणालं, आणि हा गडी 'बी. जी.' न म्हणता पटकन उठून उभा राहिला. गुंडू आला, त्याच्या पाठीत धपाटा घातला, शेवेची मूठ टाकली. "लेका, विहिरीत बुडत होतास तवा माझी चड्डी फाटली तुला काढताना," म्हणाला. हा हसत सुटला. वीस वर्षांत त्याला असं हसताना मी बघितला न्हवता. खुर्ची दारातनं कवा हालली त्याला कळलं न्हाय. माझ्या मदिनानंबी शिरखुर्म्यातल्या चार शेवया सोडल्या, आणि त्यानं डोळ्यांनी बघून न बघितल्यागत केलं. वाटी त्याच्यासाठीच आणलीती तिनं.

मी लांबनं बघत होतो आणि मला लई गोड लागत होतं. म्हटलं, बघ आता. आक्काला नापास करतोस?

पाडव्याला दोन मासं तरंगलं. भाऊबीजेच्या सकाळी उरलेलं चार. पाण्यावर तुपाचा तवंग, तळाला लाडू. बाजीराव हातात जाळी घेऊन पेटीपुढं उभा राहिला, आणि जे मनात दाबलं होतं ते सगळं बाहेर आलं. पुणेरी बोलणं कुठल्या कुठं गेलं.

"पाच दिस! पाच दिस झालं, सकाळी उठल्यापासनं दिवा लागस्तवर ह्या दारातनं माणूस हटत न्हाय! कुणी च्या प्यायला, कुणी पान खायला, कुणी नुसतं बसायला! मासं एवढं बघण्यासारखं हायत तरी काय? कशाला येत्यात ही सगळी?"

आक्का चुलीपाशी होती. हात पुसत बाहेर आली.

"मला बघाय येत्यात," म्हणाली.

त्यानं जाळी पाण्याबाहेर काढली.

"मासं तर दोन महिन्यांचं. मी गोठ्यात पडलो तवा कुठं होतं मासं? तू मला एकटी, एकटी म्हणतोस. पडल्यावर मला कुणी उचललं, हे तू एकदा तरी इचारलास का रं बाजी?"

त्यानं इचारलं न्हवतं. म्हशीला किती येतील ते इचारलतं, डॉक्टरला पायाचं इचारलतं, गाडीच्या वेळा इचारल्या. हे न्हाय. मी तिथं उभा होतो, आणि एरवी मी दहा टोमणं मारलं असतं. पण आक्काचं तोंड बघून मी पेटीची काच पुसत राहिलो.

"अंबूनं माझी हाक ऐकली," आक्का म्हणाली. "तिला धड दिसत न्हाय, चाचपडत आली. तिच्या बोंबलण्यानं हा बाबालाल आला, गुंडू आला. च्या उकळायच्या आत मी टांग्यात होतो. प्लास्टर घालतानाबी मास्तर माझा हात धरून बसलं होतं. तुला तार केली. तू चवथ्या दिवशी आलास."

बाजीराव कट्ट्यावर बसला. जाळीतनं पाणी गळून त्याची विजार भिजत होती, त्याचं त्याला भान न्हवतं. तसाच म्हणाला, "रजा मिळाली नाही, आई." आणि त्याचं त्यालाच ते ऐकवंना.

"ते म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "मी रागावलो न्हाय. तिथं तू पडलास तर तुला कोण उचलंल, त्याचाच घोर लागलाय मला."

त्यानं वर बघितलं. बोटं मोजायला घेतली, पहिल्याच बोटावर अडला. त्या मोठ्या फ्लॅटच्या जिन्यातल्या एका तरी माणसाचं नाव त्याला घ्यायचं असणार, आणि ते त्याला येत न्हवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या गाडीनं तो पुण्याला गेला. पिशवी गुंडूनं उचलली, मास्तर स्टँडपर्यंत चालत आलं, आक्काच्या शेजारी दारात उभं राहून अंबूबाईनं ओवाळलं. मी खिडकीतनं डबा दिला. गाडी सुटली तवा शेजारची जागा रिकामीच होती. आईसाठी धनत्रयोदशीलाच काढलेलं तिकीट त्यानं परत केलं न्हवतं.